ओठ जड झाला का?

वरच्या जबड्यातला दात काढायचा असेल तर भूल देणं फारसं अवघड नसतं. तिथलं हाड पातळ आणि सच्छिद्र. गाल आणि हिरडीच्या मधल्या खळगीत, दाताच्या मुळाच्या उंचीवर औषध सोडलं की ते झिरपत मुळापर्यंत जातं. खालच्या दाढांचं तसं नाही. तिथल्या हाडाचं कवच इतकं जाड असतं की मोठ्या माणसात नुसतं बाहेरून सोडलेलं औषध भरवशानं आत जात नाही. म्हणून दातांना संवेदना देणारी नस हाडात शिरायच्या आधीच गाठायची. ती शिरते जबड्याच्या उभ्या भागाच्या, म्हणजे रेमसच्या आतल्या अंगाला, जवळजवळ मध्यावर. तिथे नजर पोचत नाही, बोटही पोचत नाही. पोचते ती फक्त सुई.

या इंजेक्शनचं पूर्ण नाव इन्फिरिअर अल्व्हिओलर नर्व्ह ब्लॉक. आम्ही नुसतं ‘ब्लॉक’ म्हणायचो. नागपुरातल्या एका डेंटल कॉलेजात बीडीएसच्या तिसऱ्या वर्षी ओरल सर्जरीचं पोस्टिंग लागलं, आणि त्या विभागात माणसाची पारख एकाच प्रश्नावर व्हायची: हिला ब्लॉक लागतो का?

खरं तर ती नस मी पहिल्याच वर्षी पाहिली होती, चिमट्यात धरून उचलली होती. डेंटलवाल्यांचं डिसेक्शन मुख्यतः डोकं आणि मान यांचं, आणि त्यात सगळ्यांत किचकट भाग इन्फ्राटेम्पोरल फोसा, म्हणजे रेमसच्या आतल्या अंगाची खोल खळगी. गालफडाच्या हाडाची कमान करवतीनं कापायची, मॅसेटर खाली उलटवायचा. मॅसेटर म्हणजे दात आवळले की जबड्याच्या कोपऱ्यावर टरारून येतो तो स्नायू. मग रेमसच्या वरच्या टोकाला, कोरोनॉइडला चिकटलेला टेम्पोरॅलिस स्नायू त्या हाडाच्या तुकड्यासकट वर न्यायचा. रेमसचा आणखी एक तुकडा काढायचा. त्यानंतर दिसते ती चरबी, शिरांचं जाळं, मॅक्सिलरी धमनीची वळणं, आणि फॉर्मॅलिननं सगळ्याला आलेला एकच करडा-तपकिरी रंग. पुस्तकातल्या आकृतीत नस पिवळी, धमनी लाल, शीर निळी. टेबलावर तिन्ही एकसारख्या.

तिथे आमचे सर म्हणायचे, “लॅटरल टेरिगॉइड शोधा, बाकीचे पत्ते तो सांगेल.” हा आडवा, दोन तोंडांचा स्नायू सापडला की खरंच सगळं जागेवर येतं. त्याच्या दोन तोंडांच्या फटीतून बक्कल नर्व्ह बाहेर पडते. खालच्या काठाखालून दोन नसा उतरतात: पुढची लिंग्वल, जिभेकडे जाणारी, आणि तिच्या किंचित मागे, बाहेरच्या अंगाला इन्फिरिअर अल्व्हिओलर. ही दुसरी हाडातल्या छिद्रात, मँडिब्युलर फोरॅमेनमध्ये शिरते. शिरायच्या जरा आधी तिच्यापासून मायलोहायॉइड या जिभेखालच्या स्नायूला जाणारी बारीक फांदी फुटते. आणि वरती, मागून तिरकी येऊन लिंग्वलला मिळणारी दोऱ्याएवढी कॉर्डा टिम्पनी. ती तोडू नका म्हणून सर ओरडत असतानाच आमच्या टेबलावरची तुटली. शेजारच्या टेबलावरच्यांची शाबूत होती, तर पुढचे कित्येक दिवस त्यांचा रुबाब बघण्यासारखा होता.

व्हायवात मला पहिला प्रश्न आला, बक्सिनेटरला मोटर सप्लाय कोणाचा? हा ठरलेला सापळा. गालाच्या या स्नायूला भोसकून जाते ती ट्रायजेमिनल या चेहऱ्याला संवेदना देणाऱ्या नसेची बक्कल नर्व्ह, पण ती फक्त संवेदना वाहते. स्नायू हलवते ती फेशिअल नर्व्हची बक्कल फांदी. नाव एक, कामं दोन, मालकही वेगळे. मी उत्तर बरोबर दिलं, आणि त्याचा अर्थ काय हे मला अजिबात कळलेलं नव्हतं. पाठांतरात तसं चालून जातं.

तिसऱ्या वर्षी मॅडमनी आधी सुई हातात दिलीच नाही. कोरडा जबडा दिला. आतल्या बाजूचं छिद्र, त्याच्यापुढची हाडाची छोटी जीभ म्हणजे लिंग्युला, हे सगळं डोळे मिटून बोटानं शोधायला लावलं. मग म्हणाल्या, आता हाच जबडा स्वतःच्या तोंडात शोधा. तोंड उघडून अंगठा शेवटच्या दाढेच्या मागे सरकवला की रेमसच्या पुढच्या काठावर एक खोलगट जागा लागते. ती कोरोनॉइड नॉच. अंगठा तिथे ठेवून दात आवळले तर टेम्पोरॅलिसचा कंडरा कडक होताना कळतो. आरशात पाहिलं तर तोंड मोठं उघडल्यावर वरच्या टाळूकडून खालच्या दाढेमागे उतरणारी एक उभी घडी ताणलेली दिसते. तिच्याखाली टेरिगोमँडिब्युलर रॅफे. बक्सिनेटर आणि घशाचा वरचा स्नायू या शिवणीवर एकमेकांना भेटतात. अंगठ्याखालचा नॉच आणि ही घडी यांच्या मधे, पण घडीच्या जवळ, खालच्या दाढांच्या पातळीपासून 6 ते 10 मिलिमीटर वर: सुई टोचायची जागा ही. सिरिंज विरुद्ध बाजूच्या उपदाढांवरून आणायची. आत 20 ते 25 मिलिमीटरवर हाड लागायला हवं.

या सगळ्यात एकही नस दिसत नाही. स्नायूंच्या आणि हाडाच्या खुणांवरून तिचा पत्ता काढायचा. पहिल्या वर्षी ज्यांना बाजूला सारत आम्ही नसेपर्यंत पोचलो होतो, ते स्नायू आता वाटाडे झाले होते.

रुग्णाला टोचण्याआधी एकमेकींना टोचायचं, असा त्या विभागातला जुना रिवाज. सक्ती नव्हती, पण मागे कोणी हटायचं नाही. माझी डावी बाजू रोल नंबरनं माझ्यापुढे असलेल्या मैत्रिणीच्या वाट्याला आली. तिचा हात थरथरत होता आणि मॅडमनी मागून तिचं कोपर धरलं होतं. टोचल्याचं फार दुखलं नाही. हाडाला टोक लागलं तेव्हा मात्र ‘टक’ असं काहीतरी कवटीभर जाणवलं. तिनं सुई मिलिमीटरभर मागे घेतली, दट्ट्या ओढून रक्त येत नाही हे पाहिलं आणि औषध सावकाश सोडलं.

आधी जिभेची डावी कड मुंग्या येऊन जड झाली. मग खालचा ओठ. आणि तो बरोबर मध्यरेषेपर्यंत. हनुवटीवर नख फिरवत नेलं की मधोमध एका जागी स्पर्श संपायचा. ओठ सुजून हनुवटीपर्यंत लोंबतोय असं वाटत होतं, म्हणून आरशापुढे धावले. चेहरा जसाच्या तसा! हसले तर दोन्ही बाजू सारख्या वर जात होत्या. ओठ हलवणारी फेशिअल नर्व्ह, तिला कोणी हात लावलेला नव्हता. जीभ बाहेर काढली, सरळ आली, कारण तिचे स्नायू हायपोग्लॉसल या वेगळ्या नसेकडे. दात आवळले, मॅसेटर टरारला. त्याची फांदी वरच फुटून गेलेली असते. गालाला चिमटा काढला तर दुखला, कारण बक्कल नर्व्ह स्वतंत्र वाटेनं जाते आणि तिला वेगळं टोचावं लागतं. मैत्रिणीनं कँटीनमधून साखर आणली. डाव्या बाजूला जिभेच्या टोकाशी ठेवली तर नुसती रेती. खरं म्हणजे रेतीसुद्धा नाही, काहीच नाही. चवीचे तंतू वाहणारी कॉर्डा टिम्पनी लिंग्वलसोबतच जाते, तीही भुलीत सापडली होती. डिसेक्शनच्या टेबलावर आम्ही तोडलेला तो दोरा कशासाठी असतो, हे मला तेव्हा कळलं.

तोंड आपलं, एकच, असं आपण धरून चालतो. त्या दुपारी माझ्या तोंडाचे वेगवेगळे मालक एकेक करून उघडे पडले. जाणवणारा वेगळा, हलवणारा वेगळा, चव घेणारा तिसराच. चहा प्यायला गेले तर कपाची कड ओठाला कळेना आणि ॲप्रनवर चहा सांडला.

या वेडेपणालाही परंपरा आहे. 1884 च्या सप्टेंबरात कार्ल कोलरचा कोकेननं डोळा बधिर करण्याचा प्रयोग जाहीर झाला, आणि त्याच वर्षअखेरीला न्यूयॉर्कमध्ये विल्यम हॉल्स्टेड आणि त्याचे सहकारी एकमेकांच्या नसांत कोकेन टोचून पाहत होते. खालच्या जबड्याचा पहिला ब्लॉक त्यांचाच. हॉल्स्टेड त्यात व्यसनी झाला. आमच्या हातातलं भुलीचं औषध, लिग्नोकेन, 1943 मध्ये स्वीडनमध्ये निल्स लॉफग्रेननं बनवलेलं. त्यानं तसं काही होत नाही, झालाच तर ॲप्रन खराब होतो.

माझी पहिली रुग्ण कळमेश्वरकडची एक मावशी. खालची पहिली दाढ किडून नुसती मुळं उरलेली. खुर्चीत बसल्या बसल्या माझ्या तोंडाकडे बघून म्हणाली, “दुखन तं नाही ना वं बाई?” मी म्हटलं, “टोचल्याचं दुखेल मावशी, नंतर नाही.” पीजी, म्हणजे पदव्युत्तरचे डॉक्टर, मागे उभे. सुई आत जाताना जिथे हाड लागायला हवं त्याच्या बरीच आधी लागलं. याचा अर्थ टोक फार पुढे आहे. थोडी मागे घेऊन सिरिंज पुढच्या दातांकडे वळवायची म्हणजे टोक मागे सरकतं. हाड लागलंच नाही तर उलट, सिरिंज दाढांकडे. ऐकायला सोपं, पण आरशात बघून केस कापण्यासारखं हे उलटं गणित हातात भिनायला वेळ लागतो. दुसऱ्यांदा हाड जागेवर लागलं. मग ओढून पाहायचं, कारण नसेला बिलगून धमनी आणि शीर असते. तोंडातल्या इंजेक्शनांत रक्त येण्याचं प्रमाण याच ब्लॉकला सगळ्यांत जास्त, पुस्तकं 10 ते 15 टक्के सांगतात. रक्त नव्हतं. दीड मिलिलिटरच्या आसपास सोडलं.

“मावशी, ओठ जड झाला का?”

“जीभ झाली.”

जिभेवर भुलायचं नाही, हे सगळ्यांना बजावलेलं असतं. लिंग्वल पुढे असते, थोडक्यात भिजते. दाढ सुन्न झाली की नाही ते ओठच सांगतो, कारण हाडाच्या बोगद्यातून दातांना फांद्या देत गेलेली नस शेवटी हनुवटीच्या छिद्रातून बाहेर येऊन खालच्या ओठात संपते. टोक झोपलं तर वाटेतलं सगळं झोपलं असणार, असा तो हिशेब. थोड्या वेळानं मावशी गाल दाबून म्हणाली, “आता ओठ सुजल्यावानी वाट्टे.” जिभेकडची हिरडी प्रोबनं टोचली, काही नाही. गालाकडची टोचली तर ओरडली. बक्कल! शेवटच्या दाढेमागे गालाच्या बाजूला थोडंसं औषध सोडलं आणि मग मुळं काढली. दाब जाणवेल हे आधी सांगितलेलं होतं, तरी ती दर वेळी डोळे मोठे करायची. दुखतंय का विचारलं की मान हलवून नाही म्हणायची.

दर वेळी असं जमत नाही. पुस्तकं या ब्लॉकच्या अपयशाचं प्रमाण 15 ते 20 टक्के सांगतात, आणि ते अनुभवी हातांचं. कधी छिद्र अपेक्षेपेक्षा वर असतं. कधी मायलोहायॉइडची ती बारीक फांदी दाढेला चोरून संवेदना पुरवत असते. पू झालेल्या दातापाशी ऊतीत आम्लता वाढलेली असते, तिथे लिग्नोकेनचा नसेत शिरू शकणारा अंश कमी उरतो. रुग्ण सांगतो ओठ पूर्ण मेला, तरी दाताला हात लावू देत नाही. अशा माणसाला ‘तुमचा वहम आहे’ म्हणणारे डॉक्टर मी पाहिलेत. मला ते पटत नाही. ओठ मेला म्हणून दात मेलाच असं नाही.

एक प्रसंग मात्र सगळ्या बॅचच्या लक्षात राहिला. आमच्यातल्या एकाची सुई आत गेली, हाड लागलंच नाही, आणि त्यानं तसंच औषध सोडलं. काही मिनिटांत रुग्णाचा त्या बाजूचा डोळा मिटेना. बोलताना तोंड दुसऱ्या बाजूला ओढलं जाऊ लागलं. बाहेर बसलेल्या मुलानं वडलांना पाहिलं आणि बोंबच ठोकली, “लकवा मारला!” सगळा ओपीडी गोळा झाला. सर शांतपणे आले, मुलाला आत बोलावलं, समजावलं. रेमसच्या मागच्या काठाला पॅरोटिड ही लाळग्रंथी विळखा घालून असते, आणि तिच्या पोटातच फेशिअल नर्व्ह फांद्यांत फुटते. औषध तिथे गेलं होतं. उतरलं की चेहरा परत येणार.

तोवर सरांनी आम्हाला रांगेत उभं करून तपासायला लावलं, अर्थात काकांना विचारून. कपाळाला आठ्या घालायला सांगा. त्या बाजूला एकही आठी नाही. मेंदूतल्या लकव्यात बहुधा कपाळ वाचतं, कारण चेहऱ्याच्या वरच्या भागाला मेंदूच्या दोन्ही बाजूंकडून हुकूम येतात. इथे मेंदूपासून निघालेली नसच झोपली होती, म्हणून वरपासून खालपर्यंत सगळं सपाट. मग गालाला कापूस लावा. लागतो का काका? “लागते ना जी, सगळं समजते.” माझ्या दुपारच्या बरोबर उलट. मला कळत नव्हतं पण हलत होतं, यांचं हलत नव्हतं पण कळत होतं. आणि ज्यासाठी टोचलं ती दाढ? ठणकतच होती. बक्सिनेटरचा व्हायवातला प्रश्न मला तिथे, त्या खुर्चीशेजारी उभं राहून समजला. डोळ्यात थेंब घालून, पापणी मिटवून त्यावर पट्टी लावली, आणि संध्याकाळच्या आत काका दोन्ही डोळे मिचकावून दाखवत होते. दाढ दुसऱ्या दिवशी निघाली, दुसऱ्याच्या हातून.

या सगळ्या खुणा गृहीत धरतात की माणूस तोंड उघडू शकतो. विदर्भात हे गृहीत धरून चालत नाही. इथे खर्रा खातात: सुपारी, तंबाखू, चुना पन्नीत घोटून. 2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली, पण पानठेल्यावरचं घोटणं सुरूच राहिलं. सुपारीनं तोंडाच्या आतलं अस्तर पांढरं आणि ताठ होत जातं, त्याखाली तंतूंचे पट्टे बनतात. सबम्यूकस फायब्रोसिस. 1952 मध्ये श्वार्ट्झनं केनियातल्या भारतीय बायकांमध्ये तो पाहून नोंदवला, आणि पुढच्याच वर्षी मुंबईच्या डॉ. जोशींनी त्याला आजचं नाव दिलं. आमच्या ओपीडीत तो रोजचा. पोस्टिंगच्या शेवटाकडे एक ऑटोवाला आला, पंचविशीतला. साधारण माणसाच्या तोंडात स्वतःची तीन बोटं उभी जातात. याचं एक गेलं, दुसरं अडकलं. पट्टीनं मोजलं तर 19 मिलिमीटर. रॅफेची घडी दिसायचा प्रश्नच नव्हता. गालाच्या आत बोट सरकवलं तर तिच्या जागी उभा कडक पट्टा लागला.

त्याला वझिरानी-अकिनोसी पद्धतीनं द्यायचं ठरलं. वझिरानींनी ती 1960 मध्ये मांडली, अकिनोसींनी 1977 मध्ये, आणि तिचं वैशिष्ट्य हे की तोंड बंद ठेवूनच टोचतात. गाल बाहेर ओढायचा, आणि सिरिंज वरच्या दाढांना समांतर, हिरडी आणि गालाच्या अस्तराच्या सीमेच्या उंचीवर, रेमस आणि वरच्या जबड्याचा मागचा फुगवटा यांच्या मधून सरळ मागे न्यायची. साधारण 25 मिलिमीटर. हाड लागत नाही, लागू द्यायचंही नाही. औषध टेरिगॉइड स्नायू आणि रेमस यांच्या मधल्या पोकळीत वरच्या अंगाला पडतं आणि खाली उतरणाऱ्या नसांना भिजवतं. हाडाचा ‘टक’ नसल्यामुळे मला अंधारात चालल्यासारखं झालं. ताठरलेला गाल बाहेर ओढणं हेच निम्मं काम होतं. पीजींनी दोन्ही हातांनी धरून ठेवला.

ही पद्धत चावण्याच्या स्नायूंच्या नसाही काही प्रमाणात सुस्त करते. अक्कलदाढेच्या सुजेनं स्नायू आखडून दातखिळी बसली असेल, तर भूल चढल्यावर तोंड थोडं सैल पडतं. मला आशा होती. ओठ जड झाल्यावर परत पट्टी लावली: 19. आखडलेला स्नायू भुलीला ऐकतो, तंतू ऐकत नाहीत. त्या 19 मिलिमीटरमधूनच दाढ तुकडे करून निघाली, आणि ते काम पीजींचं होतं, माझं नव्हे.

शेवटी मी त्याला नेहमीच्या सूचना दिल्या. कापूस दाबून धरा, थुंकू नका, ओठ-जीभ जागे होईपर्यंत काही चावू नका, नाहीतर कळायच्या आत ओठ चावला जाईल. सुपारी तर आता कायमची बंद. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं, कापसामुळे बोलता येत नव्हतं तरी बोटानं चांगल्या बाजूकडे खूण करत विचारलं, “मॅडम, इकडच्या बाजूनं खर्रा चालते का जी?” मी केसपेपरवर तोंडाचं माप लिहिलं आणि त्याला ओरल मेडिसिनच्या खिडकीवर पाठवलं.